सात पावलांचा देवमासा

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनला लेकीकडे तीन आठवडे होतो. अल्बाट्रॉस, पेंग्विन आणि तो प्रसिद्ध खड्या चढाचा रस्ता एका दमात उरकतो: बघितलं, छान होतं, तिकिटं महाग. मला जायचं होतं टायरी माउथला.

"तिथे काय आहे, बाबा?"

"काही नाही."

खरंच काही नाही. दक्षिणेला तासाभराच्या आत गाडीने पोचतो. नदी समुद्राला मिळते, समोर मोटुराटा बेट, थोडी घरं, चार बोटी. पण ४ जुलै २०२४ला याच किनाऱ्याला एक मेलेला नर देवमासा लागला. इंग्रजीत स्पेड-टूथ्ड व्हेल. आपल्याकडे फावड्यासारखे दात म्हटलं की शेजारचा कोणीतरी आठवतो, पण हे नाव बागेतल्या फावड्यावरून आलेलं नाही. देवमाशांची चरबी कापायच्या जुन्या पात्यासारखा दात, म्हणून ते नाव. तोही वयात आलेल्या नराच्या खालच्या जबड्यातच हिरडीबाहेर दिसतो.

१८७२ला न्यूझीलंडच्याच चॅथम बेटांतल्या पिट बेटावर या जातीचा पहिला जबडा सापडला. तेव्हापासून दीडशे वर्षांत जगभरात मिळून सात नमुने. २०१०ला न्यूझीलंडमधल्याच ओपापे किनाऱ्यावर मायलेकरू लागले, तर लोकांनी ते दुसऱ्याच जातीचे समजून पुरून टाकले. डीएनए तपासल्यावर कळलं कोण होते ते. जिवंत मात्र अजून कोणी ओळखलेला नाही.

किनाऱ्यावर मला तरी पाटीबिटी दिसली नाही. वारा असा की कानटोपीच्या आतही वाळू. तरी हट्टाने त्याच्या लांबीचे पाच मीटर मोजले: माझी सात पावलं. इनोव्हापेक्षा वीतभर लांब, बस्स! इतकी वर्षं मनात तरंगता डोंगर घेऊन फिरत होतो, त्याचीच लाज वाटली. लेकीने काठीने आकार काढला, चोचीसारखं पुढे आलेलं तोंड डॉल्फिनसारखं झालं म्हणून पुसून पुन्हा काढलं. मग मी पोटात नऊ चौकोन आखायला लागलो. देवमासा लागला त्याच वर्षी डिसेंबरात शास्त्रज्ञ आणि ओटाकूचे स्थानिक माओरी लोक यांनी मिळून त्याचं विच्छेदन केलं, तेव्हा पोटाला नऊ कप्पे निघाले. गाईला चार! कप्प्यांत म्हाकुळांच्या चोची होत्या, वरच्या हिरडीत इवलेसे निरुपयोगी दात. डोक्याला मार लागून गेला असावा, असं निघालं.

सहावा चौकोन चालू असताना एका आजोबांचा कुत्रा येऊन बरोबर तिसऱ्या कप्प्यात बसला. उठेचना. आजोबांनी चित्राकडे पाहिलं, माझ्या कानटोपीकडे पाहिलं, आणि हवा गार आहे एवढंच म्हणाले.

परत गाडीत हीटर लावून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. लेक मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "काही नाही गं, बाबांना रिकामा किनारा दाखवून आणला."