टेबल सॉचा स्प्लिटर घेण्याआधी ब्लेड मोजा

टेबल सॉचं (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणाऱ्या मशीनचं) गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, तुटलं, किंवा जुन्या मशीनसोबत आलंच नाही, की शोध सुरू होतो गार्डचा. सुरुवात त्याच्या आतल्या, ब्लेडच्या मागे असणाऱ्या उभ्या पट्टीपासून करायला हवी. गार्ड बोटं वाचवतं. लाकूड उलटं फेकलं जाऊ नये हे काम पट्टीचं. सागाची फळी उभी चिरताना तिच्यातला ताण मोकळा होतो, कापलेले दोन भाग मिटायला लागतात आणि ब्लेडची मागची बाजू चिमटीत सापडते. तिथले दात खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर भरतो.

ही पट्टी दोन प्रकारची. स्प्लिटर एकाच उंचीवर उभा असतो. ब्लेड खाली घेतलं की दोघांतलं अंतर वाढतं, आणि त्या मोकळ्या जागेतच लाकूड मागच्या दातांवर सरकतं. रायव्हिंग नाइफ ब्लेडबरोबर वर-खाली होतो, तिरका होतो आणि कायम त्याला चिकटून राहतो. आपल्या मशीनला काय बसेल हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. प्लग काढा, इन्सर्ट प्लेट (ब्लेडभोवतीची सुटी प्लेट) उचला, चाक फिरवून ब्लेड वर-खाली करा आणि मागच्या ब्रॅकेटकडे बघा. ब्रॅकेट ब्लेडबरोबर वर-खाली होत असेल तर रायव्हिंग नाइफच घ्या, दुसरा विचार नको. फक्त तिरका होत असेल तर स्प्लिटरवर भागवावं लागेल.

आता जाडी. बहुतेक चुकीची खरेदी इथेच होते. व्हर्नियरने दोन मापं घ्या: कार्बाइड दाताची रुंदी आणि ब्लेडच्या तबकडीची जाडी. पट्टी या दोन्हींच्या मधली हवी. बऱ्याच ब्लेडवर हे छापलेलंच असतं. २५० × ३.२/२.२ × ३० असं लिहिलं असेल, तर व्यास २५०, काप (म्हणजे दाताची रुंदी) ३.२, तबकडी २.२ आणि भोक ३० मिमी. अशा ब्लेडला २.५ ते २.८ मिमीची पट्टी चालते. २.४/१.६ च्या पातळ ब्लेडला २ मिमीची. काप २.४ आणि पट्टी २.५ असेल तर फळी पट्टीला येऊन अडते, आपण जोर लावतो, आणि जोर लावलेला हात नेमका ब्लेडच्या दिशेने घसरतो. उलट पट्टी तबकडीपेक्षा पातळ असेल तर काप मिटून तबकडीला आवळतो. पट्टी नुसती शोभेला. धार लावून लावून ब्लेडचा व्यास कमी झाला असेल किंवा १० इंचाच्या मशीनवर ८ इंची ब्लेड चढवलं असेल, तर अंतर वाढतं आणि पट्टीचं टोक ब्लेडच्या वर जातं. मग खोबण, म्हणजे आरपार न जाणारा काप, मारता येत नाही.

मूळ कंपनीचा पार्ट मागवताना नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. नेमप्लेटवरचा टाइप नंबरही द्या, आणि पार्ट नंबर मशीनच्या सुट्या भागांच्या आकृतीवरून घ्या. परदेशातल्या नातेवाइकांकडून पार्ट आणवणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. अमेरिकेत १० इंची ब्लेडचं भोक बहुधा ५/८ इंच असतं, युरोपात ३० मिमी; नाव तेच असलं तरी त्या बाजारासाठीचा नाइफ आपल्या ब्लेडच्या जाडीचा असेलच असं नाही. जुनी पट्टी हाती असेल तर तिच्या खाचेची रुंदी, भोकांमधलं अंतर आणि बूड मोजून विक्रेत्याला फोटोसकट पाठवा.

पार्ट मिळतच नसेल तर लेझर कटिंगवाल्याकडून पट्टी कापून घेता येते. स्टेनलेस किंवा माइल्ड स्टीलचा सपाट पत्रा घ्या. अॅल्युमिनियम वाकतं, अॅक्रिलिक तर नकोच. दुकानात गेज बोलतात: १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १४ म्हणजे २, १२ म्हणजे २.६. पुढची कड ब्लेडच्या गोलाईला समांतर ठेवा, दातांपासून ३ ते ८ मिमी अंतरावर. खोबणीच्या कामासाठी टोक ब्लेडच्या माथ्यापेक्षा २-३ मिमी खाली असावं. कापल्यावर कडेला राहिलेली बर (धारदार खरखर) कानशीने काढा आणि पुढची कड किंचित निमुळती करा, म्हणजे फळी अडखळणार नाही.

ब्रॅकेटच नसलेल्या मशीनवर, किंवा प्लायच्या टेबलाखाली हातातला सर्क्युलर सॉ उलटा बांधून केलेल्या जुगाडावर, इन्सर्ट प्लेटच्या कापात मागे कडक लाकडाची चीप चिकटवता येते. तिची जाडी कापापेक्षा किंचित कमी हवी आणि लाकडाच्या रेषा उभ्या, कारण आडव्या रेषांची चीप पहिल्याच धक्क्याला तुटते. ब्लेड पूर्ण वर असताना दातांपासून १० मिमी मागे ठेवा. बाजारात मिळणारा मायक्रोजिग कंपनीचा एमजे स्प्लिटर याच तत्त्वावर आहे. दोघांनाही गार्ड बसत नाही आणि तिरक्या कापात ते काढावे लागतात. काही नसण्यापेक्षा कितीतरी बरं, इतकंच.

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा. आधी ब्लेड माइटर स्लॉटला (टेबलातल्या लांब खाचेला) समांतर, मग फेन्स (फळी टेकवून सरकवायची कड), मग पट्टी. सरळ कडेची मोजपट्टी दात टाळून तबकडीला टेकवा आणि रायव्हिंग नाइफ दोन्ही बाजूंनी कापाच्या आत आहे का बघा. फेन्सकडच्या बाजूला दाताच्या बाहेर तो अजिबात येता कामा नये. उभेपणा गुण्याने तपासा. कमी असेल तर ब्रॅकेटमागे पातळ पितळी शिम (पत्र्याचा तुकडा) घाला. ९० आणि ४५ अंशांवर, ब्लेड वर आणि खाली, अशा चारही स्थितींत बघा. नंतर एमडीएफचा तुकडा अर्धवट कापून मशीन बंद करा. ब्लेड थांबल्यावर तुकडा पट्टीवरून न अडकता सरकला पाहिजे.

गार्ड निवडताना पॉलिकार्बोनेटचंच घ्या. अॅक्रिलिकवर लाकडाचा तुकडा आदळला तर त्याच्या किरच्या उडतात. पॉलिकार्बोनेट साबणाच्या पाण्याने पुसावं. थिनर लावला की त्यावर बारीक तडे जातात. डावी-उजवी बाजू वेगवेगळी उचलली जाणारं गार्ड अरुंद कापाला सोयीचं, तरी कापायचा तुकडा ४० मिमीपेक्षा अरुंद असला की गार्ड आणि फेन्स यांच्यात पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी) मावत नाही. तेव्हा गार्ड काढा, नाइफ राहू द्या. म्हणूनच दोन्ही एकाच बोल्टने जोडलेला जुना सेट घेऊ नये: एक काढताना दुसरंही निघतं, आणि तो सेट मग भिंतीवरच टांगलेला राहतो. वरून येणाऱ्या हातावरचं गार्ड महाग आणि जागा खाणारं; क्रॉसकट स्लेड (आडव्या कापासाठीचा सरकता पाट) रोज वापरणाऱ्यालाच ते परवडतं. गार्डमागचे, लाकूड उलटं येऊ न देणारे दातेरी पंजे लॅमिनेटवर ओरखडे पाडतात. ते सुटे निघतात का, हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.