घरचा पत्ता की वसतिगृहाचा?

‘अर्जदार या पत्त्यावर राहत नाही.’ घरी येऊन अर्ज तपासणाऱ्या बूथ लेव्हल ऑफिसरच्या, म्हणजे बीएलओच्या, अहवालात एवढीच नोंद होती आणि तिच्यामुळे आमच्या महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला मतदार नोंदणीच्या अर्जावर सुनावणीची नोटीस आली. नोंद खोटी नव्हती. मुलगी गोव्यात फोंड्याला वसतिगृहात राहते, घर सह्याद्रीच्या पायथ्याशी एका गावात. बीएलओ गेला तेव्हा ती घरी नव्हती आणि शेजारच्या आजींनी जे खरं होतं ते सांगितलं. मुलीचा हक्कही शाबूत होता. सगळे खरं बोलले, तरी एक नाव यादीबाहेर राहायची वेळ आली. ही गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

महाविद्यालयाच्या मतदार साक्षरता मंडळाचं काम माझ्याकडे आहे. २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ, भाषणं, रांगोळी यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. खरं काम नोंदणीच्या टेबलावर होतं आणि नीट केलं तर एका विद्यार्थ्यामागे पंधरा-वीस मिनिटं जातात. वरून विचारणा होते ती किती अर्ज भरले याची. त्यांतली किती नावं यादीत आली, हे कुणी विचारत नाही. मला ही पद्धत चुकीची वाटते आणि तसं मी बैठकीत बोलतोही.

आमचं पहिलं टेबल नाव आधीच यादीत आहे का हे शोधण्याचं. १ ऑगस्ट २०२२ पासून वर्षाला चार पात्रता तारखा, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी पाहतात त्या तारखा, आल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे काही मुलांची नावं बारावीत असतानाच घरच्यांनी घातलेली असतात आणि मुलांना ते माहीतही नसतं. अशा मुलानं पुन्हा फॉर्म ६, म्हणजे नव्या नोंदणीचा अर्ज, भरला तर दोन ठिकाणी नाव येण्याचा धोका, आणि कायद्याला ते मान्य नाही. त्याला पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८.

गोव्यात याच टेबलावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: पासपोर्ट कुठल्या देशाचा? आईवडिलांबरोबर पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली मुलं इथं वर्गात असतात. इथंच जन्मली, इथंच शिकली, पण हातात ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड. त्यांच्यासाठी फॉर्म ६ नाही. अर्जातल्या घोषणेत नागरिकत्वाचं विधान असतं आणि खोट्या घोषणेला लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे त्या मुलाला बाजूला घेऊन सांगायचं, रांगेत मित्रांसमोर नव्हे. स्वयंसेवकांना मी ही गोष्ट सगळ्यांत आधी शिकवतो.

दुसरं टेबल कागदांचं. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा दहावी-बारावीचं प्रमाणपत्र चालतं. पत्त्यासाठी आधार, पासबुक, वीज-पाण्याचं बिल वगैरे. सगळ्यांत जास्त वेळ खातं ते नावाचं स्पेलिंग. नाईक हे आडनाव दहावीच्या प्रमाणपत्रावर के नं संपतं, वडिलांच्या मतदार ओळखपत्रावर जुन्या पोर्तुगीज वळणानं क्यू-यू-ई नं, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. आमचा नियम असा की विद्यार्थ्याच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आणि वडिलांचं नाव मतदार यादीत आहे तसंच. ते चुकीचं छापलेलं असलं तरी अर्जात तसंच लिहायचं, नाहीतर कुटुंबाशी जोड लागत नाही. दुरुस्ती नंतर वडिलांनी फॉर्म ८ वर करावी.

तिसऱ्या टेबलावर अर्ज भरतो. त्यात एक रकाना असतो, त्याच पत्त्यावर आधीपासून मतदार असलेल्या कुटुंबीयाचं नाव, नातं आणि ओळखपत्राचा क्रमांक. घाईत भरलेल्या अर्जांत हा रकाना हमखास अर्धवट राहतो. पण अर्ज कुठल्या यादीभागात जाईल, कुठल्या बीएलओच्या हाती पडेल, हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. आईच्या ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्यायचा आणि क्रमांक मोठ्यानं वाचत भरायचा, कारण त्यात इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत सहज होते. तसंच घर क्रमांक आणि वाड्याचं नाव. आधारवर ‘देवळाजवळ’ एवढंच असलं तरी अर्जात पंचायतीनं दिलेला घर क्रमांक हवा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, फिल्टर न लावलेला.

ऑनलाइन अर्जाला ओटीपी लागतो. आधारशी जोडलेला मोबाइल घरी वडिलांकडे असतो आणि वडील कामावर. म्हणून वसतिगृहातल्या मुलांचे अर्ज मी कागदावर घेणं पसंत करतो. कागदाला आणखी कागद जोडता येतात, आणि ते किती महत्त्वाचं आहे हे त्या मुलीच्या प्रकरणात दिसलं.

ती टेबलापर्यंत आली तेव्हा एका स्वयंसेवकानं वसतिगृहाचा पत्ता लिहायला सुरुवातही केली होती. तो सोपा मार्ग आहे आणि कायदेशीरही. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे मान्यताप्राप्त, किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आईवडिलांच्या पत्त्यावर नोंदणी करू शकतो किंवा वसतिगृहाच्या. निवड त्याची. वसतिगृहाचा पत्ता दिला तर ठरलेल्या नमुन्यातलं प्राचार्यांचं बोनाफाइड जोडायचं. तेही तयार होतं. तिनं विचारलं, “सर, हा पत्ता घातला तर गावच्या पंचायतीला माझं मत असणार का?”

नसणार. पंचायतीसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेच्या यादीतली नावंच प्रभागाप्रमाणे विभागून घेतात. नाव फोंड्याच्या यादीत असलं की गावच्या प्रभागात ते येत नाही. ग्रामसभेचंही तसंच, कारण तिचे सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या मतदार यादीतली माणसं. डोंगरावरच्या बांधकामाबद्दल किंवा कचऱ्याच्या शेडबद्दल ठराव मांडायचा तर त्या यादीत नाव हवं.

मग आम्ही वर्षांचा हिशेब मांडला. गोव्यात १८६ ग्रामपंचायतींचं मतदान १० ऑगस्ट २०२२ ला झालं. मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची निवडणूक २०२७ मध्ये अपेक्षित. फोंडा पालिकेची निवडणूक मे २०२३ मध्ये झाली, म्हणजे पुढची २०२८ च्या सुमारास. मुलीची पदवी २०२७ च्या उन्हाळ्यात संपते. वसतिगृहाचा पत्ता दिला असता तर गावचं मत गेलं असतं आणि फोंड्याची निवडणूक येईपर्यंत तिनं फोंडा सोडलेलं असतं. मुलगी ग्रामपंचायत, पालिका, जिल्हा पंचायत यांपैकी नेमकी कशाची मतदार होणार, हे नोंदणीच्या दिवशीच पाहायला हवं. विधानसभा-लोकसभेला एक मतदारसंघ इकडचा तिकडचा झाला तरी मत देता येतंच. स्थानिक निवडणुकीत मात्र पत्ता चुकला की मतच हुकू शकतं.

तिनं घरचा पत्ता निवडला. अर्ज गेला, संदर्भ क्रमांक मिळाला, ‘बीएलओची नेमणूक’ असा टप्पाही दिसू लागला.

बीएलओ गेला तो काजूच्या मोसमात. आईवडील दोघंही बागायतीत, घराला कडी. शेजारच्या आजी म्हणाल्या, “ती हंय खंय, ती फोंड्याक आसता.” बीएलओनं ते लिहून घेतलं. त्याला दोष देणं मला जमत नाही. तो स्वतःची नोकरी सांभाळून ही वणवण करतो, आणि तपासणीच्या कागदावर माणूस राहतो किंवा राहत नाही, इतकीच भाषा असते. शिक्षणासाठी बाहेर, घर मात्र हेच, असं लिहायला तिथं वेगळा रकाना नाही. कायद्यात ते आहे. कलम २० सांगतं की सर्वसाधारण निवासाच्या जागेपासून तात्पुरतं दूर राहिल्यानं माणूस तिथला रहिवासी असणं संपत नाही. पण कलम २० घेऊन कुणी वाड्यावर जात नाही.

इथं यंत्रणेतली एक फट दिसते. वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करणाऱ्याकडून बोनाफाइड मागतात, म्हणून त्याच्या अर्जात सगळा खुलासा असतो. घरच्या पत्त्यावर करणाऱ्याकडून तसा कागद कुणी मागत नाही, म्हणून त्याच्या गैरहजेरीचा खुलासा अर्जात कुठंच नसतो. जो गावाशी नातं टिकवू पाहतो त्याचाच अर्ज अडतो.

नोटीस घरी आली, वडिलांनी फोटो काढून मुलीला पाठवला, ती माझ्याकडे आली. सुनावणीला न्यायचे कागद चारच होते: नोटीस, वडिलांच्या ओळखपत्राची प्रत, प्रवेशाची तारीख आणि वसतिगृहातलं वास्तव्य नमूद केलेलं बोनाफाइड, आणि तिचं स्वतःच्या सहीचं अर्ध्या पानाचं निवेदन. त्यात तीन वाक्यं: मी शिक्षणासाठी फोंड्याला राहते, सुट्टीत घरी असते व माझं घर हेच आहे, इतरत्र कुठेही माझं नाव यादीत नाही. अधिकाऱ्यांनी कागद चाळले, दुसरीकडे नाव आहे का एवढंच विचारलं आणि अर्ज मंजूर केला. दहा मिनिटांचं काम. पण त्यासाठी तिचं एक प्रॅक्टिकल बुडलं आणि वडिलांचा ऐन मोसमातला एक दिवस गेला.

नाव आलं तरी काम संपत नाही. त्या कुटुंबाचं जुनं घर ओहोळाच्या अलीकडे आणि नवं पलीकडे आहे. प्रभागाची हद्द ओहोळावरून जाते. वडिलांची नोंद अजून जुन्या घर क्रमांकावर आहे, म्हणजे मुलगीही त्याच प्रभागात जाणार. एका प्रभागात काहीशे मतदार असतात. एका घरातली चार मतं इकडची तिकडे झाली तर निकाल फिरू शकतो आणि त्यावरून वाड्यावाड्यांत वर्षानुवर्षं धुसफूस चालते. प्रभागवार मसुदा यादी लागेल तेव्हा ती स्वतः जाऊन पाहायला मी तिला सांगितलं आहे. नव्या घराची नोंद हवी असेल तर त्याआधीच, संबंध कुटुंबाचे फॉर्म ८ एकत्र द्यावे लागतील.

याच्या उलट, एका मुलानं विचार करून वसतिगृहाचा पत्ता निवडला. त्याचं म्हणणं, गावच्या पंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं, नातीगोती असतात. तिथं माझं मत म्हणजे काकांचं मत. इथं रस्त्यावरचा दिवा, कचरा, बसस्टँडकडे जाणारी वाट हे रोजचे विषय आहेत. मला त्याचं पटलं. माझी अडचण पुढची आहे. शिक्षण संपल्यावर फॉर्म ८ भरून नाव हलवणारे फार थोडे. नाव तिथंच राहतं, पुढच्या तपासणीत ‘स्थलांतरित’ म्हणून वगळलं जातं, आणि गावात मतदानाला गेल्यावर कळतं की आपण कुठेच नाही. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलांना लिव्हिंग सर्टिफिकेट देताना सोबत फॉर्म ८ द्यावा, असा प्रस्ताव मी दिला आहे. कार्यालयाला तो जादा काम वाटतो. माझ्या मते त्या खिडकीवर होऊ शकणारं हे सगळ्यांत उपयोगी काम आहे.

मत द्यायला घरी जावं लागतं, हाही व्यावहारिक मुद्दा आहे. विद्यार्थ्यांना टपाली मतदान नाही. पंचायतीचं मतदान २०२२ ला बुधवारी होतं, भर पावसात. आतल्या गावांना आदल्या संध्याकाळची कदंबची बस गाठली नाही तर सकाळी उशीर होतो. तेव्हा मतदानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी अंतर्गत चाचणी किंवा प्रॅक्टिकल ठेवू नये, एवढं विभागप्रमुखांनी पाळलं तरी शंभर भाषणांपेक्षा जास्त मतदान होईल.

आता घरचा पत्ता देणाऱ्या वसतिगृहातल्या प्रत्येक अर्जाला आम्ही सुरुवातीलाच बोनाफाइड आणि ते तीन वाक्यांचं निवेदन टाचतो. घरी सांगून ठेवायला लावतो की बीएलओ आला तर ‘शिकायला फोंड्याला आहे, घर हेच’ असं पूर्ण सांगा, आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. अर्जावर मोबाइल विद्यार्थ्याचाच घालतो. एका मुलाच्या अर्जावर वडिलांचा नंबर होता. सुनावणीचा निरोप त्यांच्या फोनवर आला, त्यांनी तो पाहिला नाही आणि अर्ज फेटाळला गेला. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करायची मुदत पंधरा दिवसांची, तीही निघून गेली होती. त्याचा नवा फॉर्म ६ बोनाफाइड जोडून दिला आहे. स्थिती अजून ‘बीएलओची नेमणूक’ अशीच दिसते आणि दर सोमवारी तो येऊन मला स्क्रीन दाखवतो.