अकोलीच्या विहिरीचं पाणी आणि शेगावची पायदळ वारी

गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, म्हणजे माघ वद्य सप्तमीला, गावोगावच्या दिंड्या शेगावला पायी जातात. मी लहानपणापासून त्या नुसत्या बघत आलोय, यंदा पहिल्यांदा चाललो, मामाच्या गावच्या लोकांसोबत. मामी गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती. निघताना तिनं पाच लिटरची रिकामी कॅन हातात दिली आणि म्हणाली, "मले दुसरं काई नको, अकोलीच्या इहिरीचं पानी आन."

हे मागणं समजायला मामाचं गाव कुठे आहे ते सांगावं लागेल. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे ना, त्याच्या अगदी मधोमध. शेकडो गावं आहेत अशी. तिथं विहिरीला पाणी लागतं, भरपूर लागतं, पण तोंडात घेववत नाही. मे महिन्यात तिकडे जायचो तेव्हाचं मला नीट आठवतं, त्या पाण्यात तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवली तरी शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, चहात दूध टाकलं की फुटायचं. आजीकडे एक वेगळा हंडा असायचा गोड पाण्याचा, लांबून आणलेला, त्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही. आणि शेतीचं तर अजून वाईट. नदीनं आणून टाकलेल्या त्या खोल काळ्या गाळातच क्षार आहेत, चिकण माती असल्यानं निचरा होत नाही, आणि हेच पाणी पिकाला दिलं की जमीन चोपण होते, दगडासारखी. म्हणून खाली पाणी असून वर कोरडवाहू. पावसाच्या ओलीवर कापूस, तूर, हरभरा, बस.

आता अशा मुलखात कोणत्या विहिरी पवित्र होणार? गोड पाण्याच्याच. मला हे पुस्तकातून नाही कळलं, चालताना कळलं.

आमची दिंडी आधी उलट्या दिशेला, अकोट तालुक्यात अकोली जहागीरला गेली. महाराजांच्या पोथीचा, गजानन विजय ग्रंथाचा, पाचवा अध्याय ज्यांनी वाचलाय त्यांना ही विहीर माहीत असते. भर उन्हात महाराज भास्कर पाटलाच्या शेतात पाणी मागायला आले, आणि भास्करानं पाणी दिलं नाही, वर चार शब्द सुनावले. लहानपणी मला या भास्कराचा फार राग यायचा. पण यावेळी तिथं उभं राहून वाटलं, बिचाऱ्यानं ती घागर गावातून डोक्यावर आणली होती, शेतातली विहीर बारा वर्षं कोरडी, ज्याच्या घरी पाणी असं मोजून वापरतात त्यालाच त्या घागरीची किंमत कळते. मग महाराज त्या कोरड्या विहिरीपाशी जाऊन बसले, देवाचा धावा केला आणि झरा फुटला. भास्कर पायाशी पडला तो कायमचाच त्यांचा झाला, त्याची समाधी अडगावजवळ द्वारकेश्वरला आहे.

विहिरीपाशी लोक वाकून आत बघत होते आणि कोणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. मीही वाकलो. खाली पाण्यात आभाळाचा तुकडा आणि आमचीच डोकी दिसत होती. एका माउलीनं हार आत सोडायला हात पुढं केला तर आमच्यातल्या म्हाताऱ्या बुवांनी हात जोडून अडवलं, "बाई, फुलं सडतात, पानी नासते, काठावर ठेव." मला फार बरं वाटलं. कारण हेच दुखतं हो, आपण विहिरीला हात जोडतो आणि त्याच हातानं प्लास्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य पाण्यात सोडतो. मी मामीची कॅन भरली, झाकण दोनदा तपासलं.

मग अकोट. तिथं नरसिंग महाराजांच्या ठिकाणी दुसरी विहीर. गजानन महाराज आणि नरसिंग महाराज एकमेकांना भाऊ मानायचे. गोष्ट अशी की गजानन महाराज विहिरीच्या काठाला बसले आणि गोदा, यमुना, भागीरथी सगळ्यांनी इथंच येऊन मला न्हाऊ घालावं म्हणून हटून राहिले, आणि पाणी उसळून वर आलं. म्हणजे काशीला जायची ऐपत नसलेल्या माणसासाठी गंगा वऱ्हाडातल्या विहिरीत, यापेक्षा मोठं काय असतं सांगा.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो ते खारपाणपट्ट्यातून. रस्त्याच्या दोन्ही बाजूला हरभरा सोंगून ढीग मारलेले, झाड म्हणाल तर बाभूळ नाहीतर लिंब, ऊन मात्र फेब्रुवारीतच चटका देणारं. टाळ, झेंडा, "गण गण गणात बोते", आणि दर काही अंतरावर कुठल्या ना कुठल्या गावानं मांडलेला पाण्याचा ड्रम. आता वान धरणाच्या ८४ खेडी योजनेचं पाणी इकडच्या बऱ्याच गावांत येतं पण रोज येत नाही, ते साठवून ठेवलेलं पाणी लोक वारकऱ्यांना देत होते. एका घरासमोर मी विचारलं, ताई तुम्हाला पुरेल ना? तर म्हणे, "पुरते न भाऊ, चार दिवसांनी येईनच नळ." मी अर्धाच ग्लास घेतला. जेवणात ज्वारीची भाकर, पिठलं, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा, सगळ्या वाटेवर हाच प्रसाद आणि एकदाही कंटाळा आला नाही.

पूर्णेचा पूल ओलांडून एका लिंबाखाली टेकलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिंडीतली एक खूप म्हातारी आजी शेजारी येऊन बसली, पायात चप्पल नाही, टाचांना भेगा. कॅनकडे बघून म्हणाली, "कुठचं पानी हाय बापू?" अकोलीचं म्हटल्यावर तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि ओंजळ पुढं केली. "मले एक घोट दे." एक घोट दिला तर आजूबाजूच्या दहा-बारा ओंजळी पुढं आल्या. नाही कसं म्हणणार. कोणी प्यायलं, कोणी डोळ्यांना लावलं, एकीनं छोट्या डबीत नातवासाठी घेतलं. कॅनमध्ये जेमतेम लिटरभर उरलं आणि मला मामीची काळजी लागली.

शेगावला पोचलो तेव्हा पायांना फोड, समाधीच्या दर्शनाची रांग काही तासांची, पण त्या रांगेत मी उभ्या उभ्या झोपलो असेन, थकवा कसा गेला ते सांगता येत नाही. समाधीसमोर डोकं टेकवलं आणि जे मागायचं ठरवलं होतं ते आठवलंच नाही.

परत एसटीनं मामाच्या गावी. मामीला घाबरत घाबरत कॅन दिली, वाटेत काय झालं ते सांगितलं. ती कॅन हलवून बघत म्हणाली, "लोकायनं पेलं न? मंग झालं." थोडं पाणी तांब्यात घालून देवासमोर ठेवलं आणि उरलेलं सरळ चहाच्या भांड्यात ओतलं. तीर्थाचा चहा करतात का, असं मी विचारणार होतो, पण ती दूध टाकून भांड्यात बघत उभी होती, एक उकळी आली, दुसरी आली, दूध फुटलं नाही. मग तिनं मामाला हाक मारली.