तुम्ही विचारलंत म्हणून: 26 नोव्हेंबरला आमच्याकडे बातम्या का लागत नाहीत

दर नोव्हेंबरात कुणी ना कुणी विचारतंच. "तुम्ही इतकी वर्षं न्यूज चॅनेलमध्ये काढलीत आणि 26/11 च्या दिवशी तुमच्याच घरचा टीव्ही बंद? तुम्हाला त्या दिवसाचं काही वाटत नाही का?" वाटतं, म्हणूनच बंद असतो. दारात उभ्या उभ्या हे सांगून होत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

दिवाळी संपली की आमच्या चॅनेलमध्ये '26/11 स्पेशल'ची, म्हणजे 2008 च्या मुंबई हल्ल्यावरच्या कार्यक्रमांची तयारी सुरू व्हायची. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "यंदा नवीन काय?" आता गेलेल्या माणसांच्या बाबतीत नवीन काय घडणार? मग नवीन म्हणजे नवीन चेहरा. अजून कुठल्याच चॅनेलवर न आलेली विधवा, किंवा त्या वर्षी पाळण्यात असलेलं आणि आता शाळेत जाणारं मूल. पाच वर्षं, दहा वर्षं असा आकडा आला की गेटवेसमोर थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन लागायची. लायब्ररीतून दर वर्षी तेच शॉट्स निघायचे: ताजच्या घुमटातून येणारा धूर, हेल्मेट चढवणारे, त्याच रात्री मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे, सीएसटीत बंदूक घेऊन चालणारा कसाब. खाली संथ व्हायोलिन. प्रत्येक ब्रेकनंतर पुन्हा तेच.

त्या हल्ल्यात 166 माणसं गेली. त्यातली पन्नासाहून जास्त एकट्या सीएसटीवर, लांबच्या गाडीची वाट बघत सामानावर डोकं टेकून बसलेली. ताजचा घुमट आज साऱ्या देशाला ओळखता येतो. कसाबचा चेहरा तर लहान मुलांनाही माहीत आहे. सीएसटीवर गेलेल्या एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? मलाही पटकन येत नाही, आणि मी ते स्पेशल केलेले आहेत.

अशाच एका गेलेल्याच्या घरी पहिल्या वर्षी मी गेले होते. ठाण्याजवळच्या दिवा गावातली चाळ, एकच खोली. भिंतीवर त्यांचा फोटो होता, पण हार नव्हता. कॅमेरामन म्हणाला, फ्रेम भरत नाही. आमच्या टीममधला पोरगा नाक्यावरून झेंडूचा हार घेऊन आला आणि मी माझ्या हातांनी तो फोटोला घातला. त्यांची बायको, वहिनी, काही बोलल्या नाहीत. त्यांनी हार का घातला नव्हता, हे विचारावंसं मला तेव्हा वाटलंही नाही. निघताना त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. नोकरीसाठी केलेला अर्ज होता, कुठल्याशा टेबलावर अडकला होता. "ताई, तुम्ही टीव्हीवाल्या. एक शब्द टाकाल का?" बघते म्हणाले. बघितलं नाही. बातमीचं पॅकेज दीड मिनिटाचं झालं. अर्जाचा उल्लेख कापला गेला, कारण त्याने म्हणे मूड तुटत होता.

तिसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी हार आधीच घातलेला होता. कॅमेरा लागला, माईक लागला, आणि त्यांनी अगदी सरळ विचारलं, "ताई, आधी फोटोकडे बघू की आधी बोलू?" आम्ही त्यांना हे शिकवलं होतं. त्या दिवसानंतर माझं मन त्या कामातून उडालं. नोकरी सोडायला आणखी काही वर्षं गेली, पण उडालं ते तिथेच.

चॅनेलवाल्यांनी हा दिवस 'श्रद्धांजली' म्हणून साजरा करावा, याचं मला आणखी एका कारणाने वाईट वाटतं. त्या तीन दिवसांत आम्ही काय दाखवत होतो? कमांडो कुठे उतरले, कुठल्या मजल्यावर आहेत, सगळं थेट. पलीकडे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून फोनवर आतल्यांना सूचना देत होते. ऑगस्ट 2012 मध्ये कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने याच प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. वाहिन्यांनी देशहित नव्हे तर आपला धंदा पाहिला, असा त्यांचा रोख होता. दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवायला बंदी घालणारा नियम 2015 मध्ये आला. एवढ्या स्पेशलमध्ये त्या निकालावर एकही कार्यक्रम आम्ही केला नाही.

कसाबच्या बिर्याणीवर मात्र वर्षानुवर्षं चर्चा झडल्या. तुरुंगात त्याचे लाड चाललेत म्हणून सरकारला झोडपायला ती भाषणांतही आयती मिळाली. मग 2015 मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितलं की बिर्याणीची गोष्ट त्यांनी रचलेली होती, कसाबबद्दल सहानुभूतीचं वातावरण तयार होत होतं म्हणून. तोवर ती घराघरांत पोचली होती. आजही लोक ती खरी मानून सांगतात.

पुढाऱ्यांनी तर वर्षश्राद्धाचीही वाट पाहिली नव्हती. ताजमध्ये गोळीबार चालू होता आणि दिल्ली विधानसभेचं मतदान होतं 29 नोव्हेंबरला. त्याच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रांत भाजपची जाहिरात आली, काळ्या रंगावर रक्ताचा डाग आणि मतांचं आवाहन. ज्यांच्या मरणावर मतं मागितली जात होती त्यांतल्या कित्येकांची ओळखही पटली नव्हती. पुढे करकरेंचं तर प्रत्येकाने आपापल्या सोयीने केलं. 2019 च्या निवडणुकीत भाजपच्या भोपाळच्या उमेदवार, करकरेंच्या पथकाने मालेगाव स्फोट प्रकरणात अटक केलेल्या प्रज्ञासिंह ठाकूर म्हणाल्या की ते माझ्या शापाने मेले. नंतर त्यांनी शब्द मागे घेतले. 2024 ला निकम भाजपकडून उभे राहिल्यावर काँग्रेसचे विजय वडेट्टीवार म्हणाले, करकरेंना लागलेली गोळी कसाबची नव्हतीच. न्यायालयात सिद्ध झालेली गोष्ट प्रचाराच्या धामधुमीत अशी फिरवायची! पक्ष कुठलाही असो, त्या माणसाला सुखाने मरूही देत नाहीत.

आणि ज्यांचं माणूस गेलं ते काय विचारत होते? करकरेंबरोबरच मारले गेलेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता यांना त्या रात्रीच्या कंट्रोल रूमच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागाव्या लागल्या. कामा हॉस्पिटलच्या गल्लीत अधिकारी जखमी पडले असताना मदत का पोचली नाही, एवढंच त्यांना हवं होतं. कविता करकरे पतीच्या बुलेटप्रूफ जॅकेटबद्दल विचारत राहिल्या. ते जॅकेट गहाळ झाल्याचं निघालं. 2014 मध्ये त्या गेल्या. हेल्मेट चढवतानाचा तो शॉट दर वर्षी दाखवणाऱ्या आम्हा मंडळींनी जॅकेटचा प्रश्न किती नोव्हेंबरांत लावून धरला?

म्हणून टीव्ही बंद. रात्री पावणेदहाच्या सुमारास, हल्ला सुरू झाला त्या वेळी, एक दिवा लावते आणि गप्प बसते.

नोकरी सोडल्यावर एकदा जून महिन्यात मी दिव्याच्या त्या वहिनींना फोन केला. मनात बरेच दिवस होतं. मुलाचा दहावीचा निकाल लागला असेल, विचारावं. तो अर्जही विचारावा. वहिनींनी माझा आवाज लगेच ओळखला. क्षणभर थांबल्या आणि घाबरून म्हणाल्या, "आज कुठली तारीख आहे, ताई? माझ्या लक्षातच नाही राहिलं."