पापुद्रा निघाला एकदाचा

रविवार, रात्रीचे साडेअकरा. घोडबंदर रोडला सकाळपासून पाऊस लागून राहिलाय, खिडक्या बंद, त्यामुळे घरभर अजून काकवीचा वास आहे आणि तो जाऊच नये असं वाटतंय.

मागच्या महिन्यातल्या पोर्क रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, आठवल्या की अजून वाईट वाटतं. एअर फ्रायर म्हणजे झटपट हे डोक्यात बसलेलं, म्हणून सॉस थापून सरळ २०० डिग्रीला अर्धा तास लावल्या, वरून कोळसा आणि आत चामडं. दादा नेरूळहून मुद्दाम आलेला, बिचारा काही न बोलता चावत राहिला, तेच मला जास्त लागलं.

म्हणून यावेळी शनिवारीच सुरुवात केली. पोर्क विकणाऱ्या कोल्ड स्टोरेजवाल्याला आधीच सांगून ठेवलेलं की भाऊ, रश्श्यासारखे तुकडे करू नका, बरगड्यांची अख्खी पट्टी द्या. किलोभर होती. या पट्टीला हाडांच्या बाजूने एक पातळ चकचकीत पापुद्रा असतो, मागच्या वेळी मला तो माहीतच नव्हता, तो राहिला तर शिजून रबर होतो आणि मसालाही आत मुरत नाही. सुरीच्या टोकाने कडेच्या हाडावरून जरासा उचलला, हाताला सटकत होता म्हणून टिश्यूने घट्ट धरून ओढला तर अर्ध्यात फाटला, मग दुसऱ्या टोकाकडून परत, आणि सर्रकन निघाला सगळा. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मसाला शेजारच्या आंटींचा. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिश्चन, दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी बाटली मसाला करतात, पूर्वी कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचे म्हणून ते नाव. मीठ, लसूण, व्हिनेगर आणि दोन चमचे मसाला चोळून पट्टी रात्रभर फ्रीजमध्ये. "व्हिनेगरला घाबरू नको गं, पोर्कला आंबट लागतंच," इति आंटी.

अमेरिकेत कॅन्सस सिटीकडचा बार्बेक्यू सॉस टोमॅटो आणि मोलॅसिसचा असतो, मोलॅसिस म्हणजे आपल्या साखर कारखान्यातली मळी. ती मी कुठून आणू, पण आईने कोल्हापूरहून पाठवलेली काकवी होती, ती केचप, व्हिनेगर, तिखट आणि मोहरीची पूड घालून आटवली. रंग काय सुंदर आला.

बास्केटमध्ये अख्खी पट्टी मावत नाही, तीन तुकडे केले, फॉइलमध्ये गुंडाळून १५० ला ५० मिनिटं. पोर्क आतून ६३ डिग्रीला पोचलं आणि तीन मिनिटं तसंच ठेवलं की खायला सुरक्षित असतं, पण बरगडी तेव्हा चिवटच असते, तिच्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट ठेवणारं प्रथिन, विरघळून मऊ जिलेटिन व्हायला ९०-९५ पर्यंत जावं लागतं आणि तेही सावकाश. ५० मिनिटांनी सुरी टोचली, अडली. अजून २० मिनिटं दिली, मग उकडलेल्या बटाट्यात जावी तशी गेली. तेव्हा कुठे फॉइल काढून सॉस लावला, २०० ला ४ मिनिटं, परत सॉस, परत ४ मिनिटं. काकवीत साखरच साखर, आधी लावला की करपणारच.

राहिला धूर. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी, त्यात धुराची चव येणार कुठून? मग पातेल्यात रिब्ज रचल्या, मध्ये वाटीत रसरशीत निखारा, त्यावर तुपाचे दोन थेंब आणि पटकन झाकण. आई मटणाला देते तसाच धुंगार, पाच मिनिटं.

दादाने पहिलं हाड धरून हलकंच फिरवलं तर मांसातून स्वच्छ बाहेर आलं. त्याने ते वर धरून मला दाखवलं आणि लगेच दुसरं उचललं.

आंटींना दोन नेऊन दिल्या, मसाला अजून चमचाभर चालला असता म्हणाल्या. पुढच्या वेळी तीन चमचे. उरलेल्या चार दादाच्या डब्यात भरून दिल्या, उद्या ऑफिसात खाईल.