आधी गोळी बदल, मग ट्रिगर

"एका वेळी एकच गोष्ट बदल. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं?"

टेक्सासमधल्या आमच्या नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या टेबलावरचे आजोबा आज मला म्हणाले. माझी पहिली सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) रायफल, रुगर 10/22, समोर होती. पुढे काय काय बसवायचं त्याची यादी त्यांना वाचून दाखवत होतो: हलका ट्रिगर, जाड बॅरल (नळी), नवा दस्ता.

त्यांची रायफलही 10/22च, जुनी. लाकडी दस्ता गाल टेकून टेकून एका जागी गुळगुळीत झालेला. त्यांनी आपल्या पेटीतून वेगवेगळ्या कंपन्यांच्या .22 कॅलिबरच्या (मापाच्या) गोळ्या काढून दिल्या. म्हणाले, "आधी हिला काय आवडतं ते बघ."

आणि खरंच, रायफल तीच, अंतर तेच. पण एका कंपनीच्या गोळ्यांची छिद्रं विखुरलेली, दुसरीच्यांची एकमेकांना खेटून. स्क्रूला हातही न लावता!

1964पासून बनणारी ही रायफल उघडायला फार सोपी आहे. रिकामी असल्याची खात्री केली, दस्ता काढला, दोन पिना सरकवल्या की अख्खा ट्रिगरचा भाग हातात येतो. बॅरल दोन स्क्रूंवर. म्हणून तर सुट्या भागांचा एवढा मोठा बाजार उभा राहिला. मला ही रचना मनापासून आवडते. पण हात लावणं इतकं सोपं असलं की वस्तू ओळखायच्या आधीच आपण ती बदलायला घेतो, हे दिवसभर डोक्यात घोळतंय.

ट्रिगर घेणार आहेच, पण सावकाश. नेमबाजी करणाऱ्यांनो, तुम्ही सगळ्यात आधी काय बदललंत, आणि कशासाठी?