हरिहरेश्वरचा कातळ आणि पांढरं आभाळ

भाद्रपद वद्य षष्ठी. सकाळी खोलीबाहेर आलो तर आभाळ चुना फासल्यासारखं पांढरं. पुण्याहून घाट उतरून आलो होतो तो खडकांवरचं संध्याकाळचं तिरकं ऊन टिपायला. आदल्या दिवशी ते मिळालं नव्हतं, आजही लक्षण दिसत नव्हतं.

ज्यांच्या घरी दरवेळी उतरतो त्या काकू अंगणात होत्या. म्हणाल्या, "संध्याकाळची कसली वाट बघतोस? पाचाला पाणी वर असेल. जायचं तर आत्ताच जा."

त्यांचा हिशोब तोंडपाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी, म्हणजे पहाटे साडेचार. त्यात सव्वासहा तास मिळवा, पावणेअकराला ओहोटीचा तळ. फोनवरचा तक्ता पंधरा-वीस मिनिटं इकडे-तिकडे तेच सांगत होता. "पण भांगाचं पाणी आहे हां, भरती-ओहोटी कमीच, फार मागे जायचं नाही. अकराला वर ये."

देवळामागून प्रदक्षिणेची वाट जाते. दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या उतरतात आणि एकदम समुद्र समोर येतो. खाली लाटांनी तासून सपाट केलेला कातळ, वर कड्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. लाटेचे तुषार दगडात मुरतात, पाणी उडून जातं, मीठ आत स्फटिक धरतं आणि दगडाचा कण कण सुटा करतं. भरतीला ही वाट बंद होते. इथून माणसं वाहून गेलेली आहेत, तिथले धोक्याचे फलक शोभेचे नाहीत.

पहिला अर्धा तास मी वाया घालवला. सवयीने निम्मी चौकट आभाळाला दिली. त्या पांढऱ्यामुळे कॅमेरा फसला आणि खडक कोळशासारखे आले. एक्स्पोजर वाढवावं तर आभाळ नुसता कोरा कागद. मग चिडून ट्रायपॉड खाली वाकवला आणि आभाळ जवळजवळ काढूनच टाकलं, वरची एक पट्टी ठेवली. तेव्हा कुठे समोर काय आहे ते दिसलं. उन्हात या भोकांत काळ्याकुट्ट सावल्या पडतात, आतलं काही दिसत नाही. ढगाळ उजेड मात्र प्रत्येक भोकात तळापर्यंत उतरला होता. वरचा सुका कातळ तपकिरी, खालचा ओला काळा, मधल्या खळग्यांत शेवाळाचा हिरवा.

ऊन नसलं की पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लागत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. साफ चूक. ओल्या दगडावर आभाळाची पांढरी चकाकी असतेच. फिल्टर फिरवत नेला तशी ती उतरली आणि दगडाचा रंग वर आला.

लाटांसाठी आधी एनडी १००० लावला, उजेड हजारपट कमी करणारा गडद फिल्टर. दीड मिनिटाचं एक्स्पोजर, आणि समुद्राचं झालं दूध. कुठलाही समुद्र असाच दिसला असता. तो काढून फिकट एनडी ८ लावला. एफ/११, आयएसओ १००, शटर पाऊण सेकंदाच्या आसपास. लाट आपटताना नाही, मागे सरकताना बटण दाबायचं. पाणी कातळावरून ओघळतं तेव्हा पांढऱ्या रेघा उमटतात आणि खडकाचा उतार कळतो. रिमोट घरी राहिला होता, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावून लाट आधीच हेरावी लागत होती. दहातल्या आठ फुकट. शिवाय दर तीन-चार फोटोंनंतर काचेवर खारं पाणी. कोरड्या फडक्याने पुसलं की ते पसरतं, म्हणून आधी साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं, मग कोरडं.

हवा तो फोटो मिळाला तेव्हा घड्याळात पावणेबारा झाले होते. पायऱ्या अगदी पाठीशी होत्या, पण तरी.

घरी आल्यावर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. नुसतीच राखाडी, मेलेली. मग जे सगळे करतात तेच केलं: धुकं काढायचा स्लायडर, काँट्रास्ट, क्लॅरिटी, सगळं ताणून. आभाळात ढगांचे डोंगर उभे राहिले, खडक काळेभोर. खूश होऊन आईला दाखवलं. ती म्हणाली, "वादळ होतं का रे? मग कशाला गेलास तिथे?"

दोन दिवस फाइल बंद ठेवली. परत उघडली तेव्हा आधी सगळं शून्यावर आणलं. व्हाइट बॅलन्स थोडा उबदार केला, खडकाचा तपकिरी परत येईपर्यंतच. आभाळाच्या पट्टीवर मास्क टाकून हायलाइट किंचित खाली. पांढऱ्या आभाळात सेन्सरवरची धूळ लख्ख दिसते, ते ठिपके एकेक करून पुसले. वेळ गेला तो दगडावर. एकूण काँट्रास्टला हात न लावता भोकांच्या कडा हलक्या उजळल्या, आतले तळ थोडे गडद केले. ओला आणि सुका कातळ यांत जो फरक डोळ्यांना दिसला होता तेवढाच ठेवायचा, हे एवढं जमायला तीन संध्याकाळी गेल्या.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा एक प्रिंट काकूंसाठी नेली. त्यांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली. मी कौतुकाची वाट बघत होतो. त्यांनी बोट ठेवलं ते लाटेच्या कडेवर.

"इथवर कातळ सुका आहे आणि लाट त्याला भिडतेय. सुकतीचं पाणी असतं तर हा दगड ओला दिसला असता. म्हणजे पाणी चढायला लागलं होतं." मग माझ्याकडे बघून, "अकराला वर ये म्हटलं होतं ना तुला?"